गुरुवारच्या गोळ्या

१

खोटी गोळी घेणाऱ्या एका म्हातारीच्या रक्तात खरं औषध सापडलं. ट्रस्टच्या अध्यक्षबाईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा तपासबाई एकटीपुरता चहा टाकत होत्या. एका माणसाचा चहा करणं मोठं अवघड काम, दूध हमखास जास्त पडतं. त्यांनी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि निघाल्या. कुणीतरी आपल्याला बोलावलंय एवढ्यानंच त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून थोडी लाजही वाटली.

तपासबाई हे नाव त्यांना ट्रस्टमधल्या मंडळींनी दिलेलं. त्यांचा जन्म विमा कंपनीत दावे तपासण्यात गेला होता. स्वतःच्याच दुकानाला काडी लावून ऊर बडवणारे, कागदोपत्री मेलेले आणि बाजारात भाजी घेताना सापडलेले, असे नाना नमुने त्यांनी पाहिले होते. त्या निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी नवरा विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग बायको. तो गेल्यावर घर इतकं गप्प झालं की त्या रेडिओवरच्या बातम्यांशी भांडू लागल्या. शेवटी एक दिवस ट्रस्टच्या ऑफिसात जाऊन म्हणाल्या, काहीही काम द्या, पगार नको.

ट्रस्ट असल्याच माणसांचा होता. कुणाची आई विसरलेली, कुणाचा भाऊ. ही मंडळी दारोदार फिरून देणग्या जमवायची आणि स्मृतिभ्रंशावरच्या एका नव्या औषधाच्या चाचणीला तो पैसा द्यायची. चाचणीची रीत साधी आणि जराशी निष्ठुर होती. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, चवीलाही तशीच असलेली खोटी. कोणाला कोणती, हे रुग्णाला माहीत नाही, घरच्यांना नाही, गोळ्या देणाऱ्याला नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. बाटलीवर फक्त आकडा. वर्ष संपल्यावर दोन्ही गटांत फरक दिसला तर औषध खरं म्हणायचं, नाहीतर पुन्हा श्रीगणेशा.

आणि आता या बंदोबस्ताला भोक पडलं होतं. अध्यक्षबाई एके काळच्या मुख्याध्यापिका, त्यामुळे गुन्हेगार आधी ठरवायचा आणि चौकशी मग करायची, ही सवय अजून गेली नव्हती. ती म्हातारी म्हणजे कपडे दुरुस्त करून देणाऱ्या शिवणवालीची आई. दर गुरुवारी दवाखान्यात तपासणीला येणाऱ्या गटातली. तीन वर्षं पोटच्या मुलीला ओळखत नव्हती, हल्ली ओळखायला लागली होती. मुलगी आनंदानं सगळ्या दवाखान्याला सांगत सुटली होती.

"खरी गोळी तिनं चोरली, हे उघड आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "शनिवारी देणगीदारांची बैठक आहे. त्याआधी म्हातारीला चाचणीतून काढायचं आणि मुलीवर तक्रार करायची. तुम्ही फक्त पुरावा आणा."

"पुरावा आणते," तपासबाई म्हणाल्या. "कुणाविरुद्ध, ते आणल्यावर बघू."

२

शिवणवालीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. उसवलेले कोट, लांबी कमी करायच्या पँटी, चेन बदलायच्या बॅगा. मागच्या खोलीच्या दारात उजेडाला तिची आई बसली होती आणि एका जुन्या सदऱ्याची बटणं कात्रीनं उतरवत होती. काम नीट चाललं होतं.

शिवणवालीनं सगळं ऐकून घेतलं. मशीनवरचा पाय तिनं काढला नाही, फक्त हलवायचा थांबवला. तिची बोटं सांध्यांत सुजलेली होती. या बोटांनी ही बाई सुई कशी धरते, हा प्रश्न तपासबाईंना पडला.

"मी चोरली नाही," ती म्हणाली. "चोरता आली असती तर चोरली असती. हेही लिहून घ्या."

तपासबाई काहीच लिहून घेत नसत. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि ऐकत बसल्या. विमा कंपनीत त्या एवढंच शिकल्या होत्या, की माणसाला बोलायला जागा दिली तर तो ती भरतोच. शिवणवालीनं भरली. लग्न केलं नाही, आई होती. भाऊ परगावी, पैसे पाठवतो, येत नाही. आई विसरली त्यानंतर घरात दोन माणसं होती आणि दोघंही एकटी. आई तिला भाडेकरू समजायची. घर सोडा, आमची मुलगी यायची आहे, असं रोज तोंडावर सांगायची. चाचणी सुरू झाली थंडीत, पहिले महिने काडीचा फरक पडला नाही. दवाखान्याच्या बसायच्या खोलीत ती एकदा सगळ्यांसमोर रडली होती, आमच्या नशिबात खोटी गोळीच आलीय म्हणून. मग थंडी सरता सरता एका सकाळी आईनं तिच्या बोटांकडे बघून विचारलं, केवढी सुजलीत, तेल लावलंस का.

गोळ्या घरी कुठं असतात, हे तपासबाईंनी विचारलं. बाटलीचं झाकण दाबून फिरवायचं, मुलांना उघडता येऊ नये तसलं. ते शिवणवालीच्या बोटांनी उघडेना. म्हणून दर गुरुवारी दवाखान्यातच, बायकोला तपासणीला घेऊन येणारे घड्याळवाले काका आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत भरून द्यायचे. तिच्याच नव्हे, आणखी चारपाच जणांच्याही. डबी घरी कपाटावर. घरात येणारं जाणारं कुणी नाही.

"आईला काढतील?" तिनं शेवटी विचारलं. चोरीचा आळ राहिला बाजूला, तिला एवढंच हवं होतं. तपासबाईंनी जन्मात कुणा दावेदाराला खोटा धीर दिला नव्हता. आज देता आला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

३

फार्मासिस्टला बारमाही सर्दी होती आणि आपल्यावर संशय आहे याचा भलताच राग आला होता. त्याची गोळ्यांची खोली म्हणजे कुलपाआड कुलूप. त्यानं प्रत्येक बाटली दाखवली. आलेल्या, दिलेल्या, रिकाम्या होऊन परत आलेल्या. एक गोळी कमी नाही, एक जास्त नाही. शिवाय बाटल्या आकडे टाकूनच वरून येत होत्या, खरी कुठली नि खोटी कुठली हे त्यालाही कळायला मार्ग नव्हता.

"मला कुणी पोतंभर पैसे दिले ना बाई, तरी मी तिला खोटीच बाटली देऊन बसलो असतो," तो नाक पुसत म्हणाला.

तपासबाई जिन्यातच थांबल्या. हा माणूस चिडून बोलला होता, पण बोलला होता लाखातलं. चोरायचं तर काय चोरायचं हे आधी कळायला हवं. सगळ्या गोळ्या सारख्या असताना चोरानं खरीच नेमकी कशी उचलली?

संशोधक डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती, म्हणजे मुलगी असती तर त्या वयाची. या चाचणीत तिची उमेदीची वर्षं खर्ची पडली होती. खोट्या गटातल्या रुग्णाला खरं औषध देऊन ती स्वतःच्याच कामावर बोळा फिरवेल, हे शक्य नव्हतं. तिनं सांगितलं की कोणत्या आकड्याला कोणती गोळी ही यादी फक्त वरच्या देखरेख समितीकडे असते, रक्ताचे अहवालही तिथंच जातात. घोळ समितीलाच दिसला, मग तिनं गुरुवारच्या गटापुरते आकडे उघडले, आणि सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासलं.

"आणखी कुणाचं चुकलं?" तपासबाईंनी विचारलं.

"चुकलं असं नाही. एका बाईंना खरी गोळी आहे, पण रक्तात औषध नाही. घड्याळवाल्या काकांच्या पत्नी. पण ते होतंच हो. या आजारात गोळी तोंडात धरून नंतर थुंकतात, विसरतात. त्यांचं आधी बरं चाललं होतं, स्मरणाचे गुण चढत होते. मग उतरले."

"कधी उतरले?"

डॉक्टरनं पडद्यावर बघितलं. "थंडी संपताना."

आपण काय बोललो हे डॉक्टरच्या लक्षात आलं नाही. तपासबाईंच्या आलं, पण त्यांना त्याचा अर्थ लागेना. एकीकडे औषध आलं, त्याच सुमाराला दुसरीकडचं गेलं. इथवर हिशोब जमत होता. पुढचा प्रश्न मात्र भिंतीसारखा आडवा होता. ज्या औषधासाठी ही सगळी माणसं जीव टाकत होती, ते हातात आलेलं औषध सोडेल कोण?

४

गुरुवारी त्या दवाखान्याच्या बसायच्या खोलीत जाऊन बसल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचं यंत्र, कोपऱ्यात माशांची टाकी. रुग्ण आत तपासणीला गेले की बाहेर घरची माणसं उरत. तिथं चाललेल्या गप्पा बाहेरच्या माणसानं ऐकल्या असत्या तर त्याला वेड लागलं असतं. एकाच्या वडिलांनी टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईला जेवायला थांबवून घेतलं होतं, तिचंही ताट वाढायला लावलं. दुसऱ्याची बायको आरशातल्या बाईवर चिडून होती, ही आपल्याच साड्या नेसते म्हणून. सगळे पोट धरून हसत होते. ही गोष्ट त्यांना दुसरीकडे कुठं सांगता आली नसती. दुसरीकडे लोकांनी अरेरे म्हटलं असतं.

आपला नवरा होता तेव्हा ही खोली नव्हती, याचं तपासबाईंना मनापासून वाईट वाटलं.

घड्याळवाले काका खिडकीजवळच्या टेबलाशी होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, सत्तरी ओलांडली तरी हात स्थिर. लोक बाटल्या आणून ठेवत होते, ते झाकण दाबून फिरवत, डबीच्या खणांत गोळ्या टाकत आणि मधूनमधून कोट्या करत. सगळ्यांच्या डब्या झाल्या. शिवणवालीची आणि स्वतःच्या बायकोची अशा दोन त्यांनी शेवटी घेतल्या, दोन्ही बाटल्या एकदम उघडल्या आणि दोन्ही डब्या बरोबरीनं भरल्या. सगळं भर दिवसा, वीस डोळ्यांदेखत.

काकू बाहेर आल्या. काकांनी त्यांचा हात धरला, तसा त्यांनी हलकेच सोडवून घेतला आणि अनोळखी माणसाशी हसावं तसं हसल्या. तपासबाई म्हणाल्या, चला, मीही त्याच बाजूला चाललेय. ही थाप होती.

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, सगळ्या घड्याळांत एकच वेळ. भिंतीवर एका जागी रंग आजूबाजूपेक्षा उजळ होता, चौकोनी, आणि वर नुसता खिळा. काकू आल्या आल्या स्वयंपाकघरात गेल्या आणि टेबलावर तीन ताटल्या मांडल्या.

"ही माझी," त्या तपासबाईंना समजावू लागल्या. "ही आमच्या मुलाची, शाळेतून येईलच एवढ्यात. आणि ही या घड्याळवाल्यांची. फार भले आहेत, रोज येतात, पैसेही मागत नाहीत. तुम्हाला घेऊ का एक?"

काका ग्लासात पाणी ओतत होते. त्यांच्या हातातला तांब्या हलला नाही.

"भूक लागली असेल पोराला," ते म्हणाले. "डबा पुरत नाही त्याला."

तपासबाई जास्त बसल्या नाहीत. जिन्यात शेजारीण भेटली, बोलायला आसुसलेली. मुलगा कुठला हो, ती म्हणाली, तो कॉलेजात असताना मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याला वीस वर्षं झाली. काकू मधे सगळं विसरल्या, त्यातल्या त्यात सुटल्या बिचाऱ्या.

"पण थंडीत काय झालं होतं देव जाणे," शेजारीण म्हणाली. "दोन महिने त्या घरातून रोज रडणं ऐकू यायचं. जणू मुलगा कालच गेलाय. मग एकाएकी थांबलं."

तपासबाई पायरीवर खाली बसल्या. शेजारणीला वाटलं गुडघे धरले. गुडघे ठीक होते. सगळ्या ट्रस्टला जे दिसत नव्हतं ते त्यांना आत्ता दिसलं होतं, आणि ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

५

चोर कोण, असं सगळे विचारत होते. पण गोळ्यांच्या खोलीतून काहीच गेलं नव्हतं. मग ते औषध दुसऱ्या कुणा रुग्णाच्या बाटलीतून आलं होतं. कुठल्या बाटलीत खरी गोळी आहे हे डॉक्टरला कळत नव्हतं, फार्मासिस्टला कळत नव्हतं. दवाखान्यात ते फक्त एकाच माणसाला कळू शकत होतं, ज्याच्या घरात ती गोळी काम करायला लागली होती त्याला. आणि कुणाच्या बाटलीत खोटी आहे? तर सगळ्यांसमोर रडून जिनं ते स्वतःच सांगितलं होतं तिच्या. मग बाटल्या बदलायचीही गरज नव्हती. या बाटलीतलं त्या डबीत, त्या बाटलीतलं या डबीत. रिकाम्या बाटल्यांची मोजणी शेवटपर्यंत बरोबर.

इतकं सरळ होतं. ट्रस्टमधल्या प्रत्येकानं कुणाच्या तरी आठवणीसाठी देव पाण्यात घातले होते, म्हणून आठवण नको असलेला माणूस त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हता. तपासबाई स्वतः त्यांतल्याच होत्या.

त्या पुन्हा वर गेल्या. काकांनी दार उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बाहेरच्या गॅलरीत आले, दार मागे ओढून घेतलं.

"काका, काकू बऱ्या होत होत्या ना?"

"होत होती," काका म्हणाले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. कुणीतरी विचारावं म्हणून वाटच बघत असल्यासारखे ते बोलत राहिले. चार वर्षं ती त्यांना घड्याळवाले म्हणत होती. गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांनी एका सकाळी उठून बसली.

"मला म्हणाली, अहो, आपला पोरगा गेला ना?" काका थांबले. "अहो म्हणाली. त्या एका अहोसाठी मी काय नसतं दिलं हो. पण ते अहो एकटं नाही आलं."

पुढचं तपासबाईंनी जिन्यातच ऐकलं होतं. काकांचं दुःख वीस वर्षं झिजून गुळगुळीत झालेलं, तिचं मात्र कोरं करकरीत. ती दिवसभर रडायची, झोपेत विसरायची आणि सकाळी तिला पुन्हा आठवायचं. काकांनी मुलाचा फोटो काढून ठेवला, त्यानं काही झालं नाही. आठवण काही फोटोत नव्हती. दोघं मिळून रडायचे. खरं सांगायचं तर काकांना त्यातही बरं वाटायचं, रडायला का होईना घरात आपलं माणूस परत आलं होतं.

"मग मला माझीच लाज वाटली," ते म्हणाले. "माझ्या सोबतीसाठी तिला रोज रडवायचं? आणि तिकडं ती पोर आईसाठी रडत होती. म्हटलं, ज्याला हवंय त्याला जाऊ दे."

तपासबाईंना एक गाठ अजून सुटत नव्हती. चाचणी कुणालाही, कधीही, कारण न देता सोडता येत होती. तसं पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. हा माणूस सरळ डॉक्टरकडे जाऊन नको म्हणाला असता तर कुणी ब्र काढला नसता. हे त्यांनी विचारलं तेव्हा काकांनी मान खाली घातली. इतका वेळ ताठ उभा असलेला माणूस, आता कठड्याचा आधार शोधायला लागला.

"सोडली असती तर गुरुवार गेला असता," ते म्हणाले.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"मी पण ट्रस्टमध्ये त्याचसाठी येते," तपासबाई म्हणाल्या. "बाकी सगळं निमित्त."

आतून काकूंनी विचारलं, घड्याळवाले, झालं का तुमचं काम? काका म्हणाले, झालं, येतो.

६

शुक्रवारी अध्यक्षबाईंनी सगळं ऐकलं आणि आपला मुख्याध्यापिकेचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा भाऊ याच आजारानं गेला होता, शेवटी त्याला स्वतःचंही नाव सांगता येत नव्हतं. औषध नको म्हणणाराही कुणी असेल, हे आपल्या डोक्यात आलं नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. तक्रारीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काकांना निरोप गेला की काकूंची चाचणी बंद, तुमचा गुरुवार चालू. मात्र डब्यांना हात लावायचा नाही, हवं तर माशांना खायला घाला.

डॉक्टर वेगळ्याच तंद्रीत होती. एकीला गोळी मिळाली आणि ती मुलीला ओळखू लागली. दुसरीची थांबली आणि ती नवऱ्याला विसरली. औषध काम करतंय याचा असला पुरावा तिला इतक्या वर्षांत मिळाला नव्हता, आणि नेमक्या या दोघी आता मोजणीतून बाद होणार होत्या. नियमच तसा होता.

शिवणवालीच्या आईसाठी तपासबाईंनी शब्द टाकून पाहिला. आधी डॉक्टरपाशी, मग अध्यक्षबाईंपाशी, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी विनवणी केली. दोघींचं उत्तर एकच. चाचणीबाहेर औषध देता येत नाही, आणि एकीला दिलं तर खोटी गोळी घेणाऱ्या बाकीच्यांना काय सांगणार? आया सगळ्यांनाच आहेत. औषध मंजूर झालं तर मिळेल, काही वर्षांनी.

निरोप सांगायला कुणाला तरी पाठवते, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. तपासबाई म्हणाल्या, मी शोधलंय, मीच सांगते.

दुकानात पोचल्या तेव्हा शिवणवाली एका कोटाचं अस्तर उसवत होती. तपासबाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं, आडवळण न घेता. तुझ्यावरचा आळ गेला. गोळ्या कशा बदलल्या गेल्या ते. आणि आता त्या थांबणार ते.

"किती दिवस राहील?" तिनं विचारलं.

"काही आठवडे, डॉक्टर म्हणाल्या. हळूहळू ओसरेल."

शिवणवालीनं अस्तर बाजूला ठेवलं. काकांवर चिडू का त्यांचे आभार मानू, ते तुम्हीच सांगा, असं ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता चिडली ती तपासबाईंवर. आवाज चढवला नाही, मागच्या खोलीत आई होती.

"तुम्ही कशाला शोधलंत? गप्प बसायचं होतं."

"गप्प बसले असते तर तू चोर ठरली असतीस."

"ठरले असते. आई ओळखत होती ना चोराला."

तसंही आईला काढलंच असतं, हे तपासबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं. पण आजवर खरं बोलून त्यांनी पुष्कळ घरांतून निरोप घेतला होता, आणि आज पहिल्यांदाच खरं बोलावंसं वाटेना. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मुलीचे डोळे भरले होते आणि ते पुसायला तिची बोटं नीट वळत नव्हती.

"चिमणे," मागच्या खोलीतून आईनं हाक मारली. "इकडं ये गं जरा. दोरा ओवून दे, मला भोक दिसत नाही."

शिवणवाली ताडकन उठली. तोंड पदराला पुसलं, घसा साफ केला.

"आले, आई." मग तपासबाईंकडे वळून हळूच म्हणाली, "जाताना दार ओढून घ्या. ती हाक मारतेय तोवर मला भांडायलाही वेळ नाही."